विचारा की! : केबलवाल्याकडं इंटर्नशिप करू का?

या महिन्यात सगळ्यांना इंटर्नशिपच आठवलीय. पत्रं तीच, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज तेच, त्यातले निम्मे तर "ताई लवकर सांगा उद्या फॉर्म भरायचाय" असले. उद्यावाल्यांचा उद्या कधीच होऊन गेला, बाकीच्यांसाठी हे घ्या. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी सेलूची आहे, नांदेडला एमए पत्रकारिता पहिल्या वर्षाला शिकायलेय. दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी आहे, म्हणजे कुठंतरी जाऊन काम करायचं. माझ्याकडं दोन जागा आहेत. एक मुंबईत न्यूज चॅनलला, ओळखीतून. दुसरी आमच्याच गावात लोकल केबल चॅनलला, जे फक्त आमच्या भागात दिसतं, गणपती विसर्जन, कीर्तन, बाजारभाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा असलं. वर्गातल्या पोरी हसायल्या, केबलवाल्याकडं काय शिकणारेस, वायरी ओढायला? पप्पा म्हणतात मुंबईला राहायचा खर्च झेपत नाही. मला कळंना काय करावं.

अगं वायरी ओढ की, वाईट काय त्यात, मुंबईच्या चॅनलला तर वायरीला हात पण लावू देणार नाहीत.

आता नीट सांगते. आधी कागदाचं बघ. एमएच्या नव्या रचनेत ओजेटीला ४ क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास झाले. रोज सहा तास धरले तर वीस दिवसांचं काम. यासाठी जागा मोठी पाहिजे असं कुठं नाही, जागा कॉलेजला मान्य पाहिजे, तिथं तुझ्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस पाहिजे आणि शेवटी सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट न् रोजची डायरी पाहिजे. तर पहिलं काम म्हणजे विभागातल्या सरांकडून चॅनलच्या नावानं पत्र घे आणि चॅनलवाल्याकडून लेटरहेडवर होकार घे. तोंडी "ये गं, आपलंच आहे" यावर अजिबात जाऊ नको. गावातली माणसं चांगलीच असतात, पण सर्टिफिकेट मागायला गेलीस की त्यांचा शिक्का कायम मुलाकडं असतो आणि मुलगा पुण्याला.

मुंबईचं म्हणशील तर तिथं शिकायला मिळत नाही असं नाही. पण वीस-पंचवीस दिवसांच्या पोरीला तिथं काय देतात? असाइनमेंट डेस्कवर बसून फोन उचल, दुसऱ्या चॅनलवर काय चाललंय ते लिहून काढ, कुणाचातरी बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, ऐकून टाइप कर. इतक्यात तुला स्लो लोकल कोणती न् फास्ट कोणती हे कळायला लागतं आणि देवगिरी एक्स्प्रेसनं परत यायची वेळ होते. गावच्या चॅनलला माणसंच तीन. एक कॅमेरा धरणारा, एक एडिटिंगवाला जो ऑपरेटर पण तोच, आणि एक मालक. तिथं चौथं माणूस आलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कॅमेरा असतो, कारण दुसरा पर्यायच नसतो. शूट तू करणार, बातमीची कॉपी तू लिहिणार, व्हीओ म्हणजे चित्रामागचा आवाज तुझाच, एडिटला शेजारी तूच बसणार आणि रात्री ते लागलं की सकाळी दूधवाला सांगणार "पाहिलं बरं का, पण आवाज येत नव्हता". इतका लवकर न् इतका खरा रिपोर्ट मुंबईत कोण देणार तुला? माझं मत स्पष्ट आहे, पहिली इंटर्नशिप गावात कर, मुंबई कुठं पळून जात नाही.

फक्त एक अट. नुसती सोबत फिरायला जाऊ नको. पहिल्याच दिवशी मालकांना म्हण, काका, तुमचं रोजचं जे काम असंल ते मी करते, पण जायच्या आधी अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम माझा. विषय माझा, नाव माझं. ते "बघू" म्हणतील. हे बघू म्हणजे होच असतं, कारण त्यांना चोवीस तास चॅनल भरायचं असतं आणि त्यांच्याकडं माल नसतो, तीच ती जुनी कीर्तनं फिरवायलेले असतात.

विषय कोणता? गावाची समस्या वगैरे घेऊ नको, त्यात खड्डे दाखवून संपतं. एकच गोष्ट धर जी सगळ्यांना माहितीय पण नीट कुणी दाखवली नाही. उदाहरण देते, हवं तर हेच घे. मोंढ्यात सोयाबीन आलं की ओलावा मोजतात. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागायचा, २०२४ च्या हंगामात ओरड झाली तेव्हा केंद्रानं ती अट १५ पर्यंत सैल केली, हमीभाव तेव्हा ४८९२ रुपये होता. आता हे आकडे सगळ्यांनी ऐकलेत, पण ते मशीन काम कसं करतं, मूठभर दाणे कुठून उचलतात, ढिगाच्या वरचे का खालचे, एकाच पोत्याचं दोनदा मोजलं तर आकडा सारखाच येतो का, हे टीव्हीवर कुणी दाखवलंय? तू दाखव. हमालाला विचार, मापाड्याला विचार, आडत्याला विचार, शेतकऱ्याला तर विचारच. आणि शेवटी खरेदी केंद्रावरच्या साहेबांना विचार, त्यांची बाजू नसंल तर ती बातमी होत नाही, गाऱ्हाणं होतं.

शूट करताना तीन गोष्टी. मशीनचा आकडा उन्हात दिसत नाही, स्क्रीन सगळी पांढरी येते, म्हणून कुणालातरी टोपी नाहीतर गमछा धरायला लाव आणि मग जवळून घे. कोणताही शॉट सुरू केला की मनात दहा मोज, तोवर हलू नको, नवीन पोरं तीन सेकंदात कॅमेरा फिरवतात आणि एडिटला बसल्यावर रडतात. तिसरं म्हणजे बाईट घेतल्यावर लगेच निघू नको, त्या माणसाचे हात, दाण्याचा ढीग, पोत्याची शिवण, पावती लिहिणारं पेन असले कटअवे घे, कारण माणूस बोलता बोलता अडखळतो तिथं तू कापणार आणि तिथं झाकायला काहीतरी पाहिजे. आणि लिलावाच्या गलक्यात बाईट घेऊ नको, त्याला जरा बाजूला शेडमागं ने, गलका वेगळा रेकॉर्ड करून ठेव, नंतर खाली हळू लावता येतो.

आणखी एक, हे कुणी सांगणार नाही तुला. जुन्या केबलवाल्याकडं एक कपाट असतंच, त्यात व्हीएचएस आणि मिनीडीव्हीच्या कॅसेटी पडलेल्या असतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मिरवणुका, सभा, दुष्काळातले टँकर, लग्नं पण. सगळं सडायलंय. त्यांना विचार की मी यातल्या दहा कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊ का. मिनीडीव्हीची एक तासाची कॅसेट साधारण १३ जीबी होते, म्हणजे हार्ड डिस्क साधी पण चालंल, भानगड असते ती फायरवायर नावाच्या जुन्या वायरीचं पोर्ट असलेला कॉम्प्युटर न् चालू असलेला कॅमेरा शोधायची. टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, ती कॅसेट अजिबात घालू नको, हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होतं आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटी पण नीट वाजत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण गावाचं जुनं रूप दुसऱ्या कुणाकडंच नाही आणि तुझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे एक पान वर्गातल्या त्या हसणाऱ्या पोरींच्या अख्ख्या रिपोर्टवर भारी पडंल.

प्रश्न : मी लातूरजवळच्या एका तालुक्याच्या गावात एका यूट्यूब-कम-केबल चॅनलला इंटर्न लागलो. पहिल्या दिवशी बूम (चॅनलचं नाव लावलेला माइक) आणि प्रेसचं कार्ड दिलं, त्याचे पैसे घेतले. आता म्हणतात दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिराती आण, नाही आणल्या तर सर्टिफिकेट मिळणार नाही. एका दुकानदाराकडं तर आधी बातमीचं बोलून मग जाहिरातीचं बोल म्हणले. हे असंच असतं का?

असंच असतं म्हणणारे भरपूर भेटतील तुला. पण तू इंटर्न आहेस, मार्केटिंगचा माणूस नाहीस, आणि बातमीची भीती दाखवून जाहिरात मागणं याला खंडणी म्हणतात, उद्या त्या दुकानदारानं तक्रार केली तर बूम तुझ्या हातात असंल, मालकाच्या नाही.

कार्डाचं म्हणशील तर त्या कार्डाला काही किंमत नाही. चॅनलनं दिलेलं ओळखपत्र म्हणजे मी इथं काम करतो इतकंच. सरकारची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारनं दिलेली मान्यता, वेगळी, ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तिला अनुभवाच्या अटी असतात आणि अर्ज जिल्हा माहिती कार्यालयातून जातो, इंटर्नला ती मिळतच नाही. गाडीवर प्रेस लिहून टोलनाक्यावर हुज्जत घालत बसू नको, लई वाईट दिसतं ते.

जाहिरातीचा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही, लोकल चॅनल त्यावरच चालतं. तुला त्यात शिकायचं असंल तर शीक, पण बातमी आणणारा न् जाहिरात आणणारा माणूस एकच नको. आणि निवडणुकीच्या काळात तर जास्तच सांभाळ. लोकसभा-विधानसभेला टीव्ही किंवा केबलवर लागणारी राजकीय जाहिरात आधी जिल्ह्याच्या एमसीएमसी, म्हणजे जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचाराचं काहीच दाखवता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे कितीजणांना माहीत असतं देव जाणे. "भाऊंचा वाढदिवस" म्हणून आलेली क्लिप नेमकी त्याच दिवसांत आली तर मालकाला आधी विचार आणि विचारल्याचं मेसेजवर ठेव.

एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसंल म्हणून मी सांगते. अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव, फोटो, घर, गल्ली, शाळा, आईबापाचं नाव, काहीच दाखवायचं नाही. चेहरा ब्लर करून मागं घराची पाटी तशीच ठेवतात, तो पण गुन्हाच. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचं पण तसंच, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे त्यासाठी.

तर करायचं काय? कॉलेजच्या सरांना आजच लेखी कळव की इथं मला पैसे मागितले आणि जाहिराती आणायला सांगितल्या, जागा बदलून द्या. झालेले तास वाया जातील म्हणून अडकून बसू नको.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही उदगीरकडचे. आमच्या महिला बचत गटांचं स्वतःचं टीव्ही चॅनल काढावं असं आमच्या मनात आलंय, कम्युनिटी रेडिओ असतो तसा कम्युनिटी टीव्ही. कॉलेजची पोरं इंटर्न म्हणून घेता येतील. लायसन कुठं मिळतं?

भाऊ, कल्पना झकास आहे पण ते लायसन कुठंच मिळत नाही, कारण आपल्या देशात कम्युनिटी टीव्ही असा वेगळा प्रकारच नाही. रेडिओला आहे. २००२ ला आधी शिक्षणसंस्थांना परवानगी दिली, २००६ ला सामाजिक संस्थांना पण खुलं केलं. टीव्हीला मात्र आपल्याकडं तसं दार उघडलं नाही. अमेरिकेत केबल कंपन्यांकडून गावासाठी एक-दोन चॅनल राखून घेतात, तिथं कुणीही नागरिक ट्रेनिंग घेऊन कार्यक्रम करू शकतो, कॉलेजची पोरं तिथंच इंटर्नशिप करतात. मेलबर्नला पण कम्युनिटी चॅनल आहे. आपल्याकडं त्याच्या जवळचं काय तर केबलवाल्याचं लोकल चॅनल, त्याला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणं एमएसओला, म्हणजे केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या ऑपरेटरला, असं प्रत्येक चॅनल केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाकडं नोंदवावं लागतं, फी चॅनलमागं १००० रुपये, लोकल बातम्या द्यायच्या असतील तर तो ऑपरेटर कंपनी म्हणून नोंदवलेला असावा लागतो, आणि दाखवलेलं सगळं ९० दिवस रेकॉर्ड करून ठेवावं लागतं. म्हणजे तुम्ही स्वतःचं चॅनल काढण्यापेक्षा ज्याचं नोंदवलेलं आहे त्याच्याकडून आठवड्याला एक तास मागा. हेच बरं पडतं, नाहीतर पगार, लाइट बिल, जनरेटर करता करता गटाची बचत संपंल.

आणि हे नवीन आहे असं समजू नका. १९७५ ला गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज नावाच्या गावात इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं छोटा ट्रान्समीटर बसवून गावकऱ्यांसाठी गावकऱ्यांनाच घेऊन कार्यक्रम केले होते, सावकारी, जातपात, मजुरी असल्या विषयांवर. त्याच वर्षी १ ऑगस्टला साईट नावाचा उपग्रह टीव्हीचा प्रयोग सुरू झाला, सहा राज्यांतल्या साधारण २४०० गावांत वर्षभर. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याला लागून असलेला कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र होता.

त्याहून जवळचं सांगते. तुम्ही उदगीरचे, बिदरच्या पुढं रेल्वेनं जहीराबाद लागतं ना, तिथल्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आहे. तिथं शेतात राबणाऱ्या दलित बायका, ज्यातल्या कितीतरी शाळेत गेल्या नव्हत्या, स्वतः कॅमेरा चालवतात, बियाण्यांवर, ज्वारी-बाजरीवर फिल्मा करतात. २००८ ला त्यांचा संघम रेडिओ सुरू झाला. एकदा गटातल्या चार जणींना घेऊन जा, बघून या. लिहिता-वाचता येत नाही ही अडचण नाही हे बायकांना तिथं डोळ्यानं दिसंल, माझं ऐकून पटणार नाही.

इंटर्न पोरांचं काय, तर घ्या, पण कॅमेरा बायकांच्या हातात ठेवा आणि पोरं शिकवायला ठेवा. उलटं झालं की पोरं सहा महिन्यांत निघून जातात, कॅमेरा कपाटात.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अंबाजोगाईत लोकल चॅनलला शिकायला जाते. नवरात्रात योगेश्वरीच्या मंदिराचं लाइव्ह असतं, रात्री अकरा-बारा होतात. चॅनलवर सगळे पुरुष. पाठवावं का नको?

ताई, काळजी बरोबर आहे तुमची. पाठवा, पण मालकांशी तुम्ही स्वतः एकदा बोला, फोनवर नाही, जाऊन बोला. घरी कोण सोडणार, कोणत्या गाडीत, सोबत कोण, हे आधी ठरवा आणि रोज ठरवा. शक्य झालं तर तिच्यासोबत वर्गातली एक मैत्रीण पण इंटर्न घ्यायला लावा, चॅनलला नऊ दिवस माणसं कमीच पडतात, नाही म्हणणार नाहीत.

आणि हे तिला पण वाचायला द्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींना पण लागू आहे, पगार मिळो न मिळो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. "आमच्याकडं समितीच नाही" हे कुणी तोंडावर फेकलं तर गप्प बसायचं नाही. बाकी आपल्याकडं गरब्याला बाराला पाठवतात न् कामाला नऊला नको म्हणतात, त्यावर एकदा सावकाश बोलू.

प्रश्न : चॅनलचा कॅमेरा बिघडला म्हणून मोबाईलवर शूट करायलोय. सभागृहात घेतलं की लाइटच्या पट्ट्या फिरताना दिसतात, आणि शेतात घेतलं की वाऱ्याचा घूं घूं आवाज. एडिटिंगला गेलो की सर शिव्या घालतात. – इंटर्न, जालना

शिव्या शूट करायच्या आधी घालायला पाहिजेत, नंतर घालून काय उपयोग. आपल्याकडं लाइन ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, आणि मोबाईल आपोआप ३० फ्रेमवर चालतो, शटर पण स्वतःच ठरवतो, त्याचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्यात प्रो मोड उघड, नसंल तर त्यासाठीचं अ‍ॅप टाक, फ्रेम २५ कर, शटर ५० वर ठेव. तेवढ्यानं बहुतेक पट्ट्या जातात. जातच नसतील तर तो हॉलचा दिवाच भिकार आहे, तेवढा बंद करायला सांग. आणि फोन आडवा धर बाबा, लोकल चॅनलवर उभे व्हिडिओ दोन्ही बाजूला काळे पट्टे घेऊन येतात ते बघवत नाहीत.

वाऱ्याला माइकवर केसाळ कव्हर येतं, फर म्हणतात त्याला, ते घाल. मिळत नसंल तर कॉलरचा माइक शर्टाच्या आतल्या बाजूला लाव, पण कापड घासलं की खरखर येते, म्हणून चिकटपट्टीनं पक्का बसव आणि बोलणाऱ्याला वाऱ्याकडं पाठ करून उभं कर. सुरू करायच्या आधी हेडफोन लावून एकदा ऐक. सर ऐकत नसतील तरी तू ऐक.